पालखी येण्याआधी: गुहागरच्या घराच्या रंगकामाच्या नोंदी

1 फेब्रुवारी 2025, शनिवार

होळी यंदा 13 मार्चला आहे, म्हणजे हातात पुरते सहा आठवडेही नाहीत. गेल्या शिमग्यात पालखी ओटीवर टेकवली, ढोल वाजायला लागले आणि भिंतीचा वीतभर पोपडा सुटून पालखीसमोर पडला. कोणी काही बोललं नाही, पण बाबांना ते फार लागलं. या वर्षी रंग द्यायचाच, हे त्याच संध्याकाळी ठरलं होतं.

घर चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं, आतून चुन्याचा गिलावा. ओटी, माजघर, देवघर, बाहेरची पडवी, सहा दारं, नऊ खिडक्या एवढं काम आहे. गावातल्या पेंटरकाकांना गुडघ्यामुळे शिडी चढवत नाही. ते म्हणाले, "ताई, हात तुम्ही चालवा, मी खुर्ची टाकून बसतो आणि सांगतो." यापेक्षा चांगली सोय मला मिळाली नसती.

पुण्याचा फ्लॅट मी स्वतः रंगवला तेव्हा रंग निवडण्यात तीन आठवडे घालवले आणि ब्रश मात्र दुकानदाराने पिशवीत टाकले ते घेतले. आजही त्या हॉलच्या भिंतीवर रंगात रुतलेले ब्रशचे केस दिसतात. या वेळी उलटं करायचं. आधी भिंत बघायची, मग हत्यार ठरवायचं आणि रंगाची छटा सगळ्यात शेवटी. म्हणून ही वही.

2 फेब्रुवारी, रविवार

ओटीच्या दारामागे, कोणाच्या नजरेत येणार नाही अशा जागी, तळहाताएवढा चौकोन पट्टीने हळूहळू खरवडला. सगळ्यात वर फिकट पिवळा अ‍ॅक्रिलिक डिस्टेंपर, भावाच्या लग्नात 2009 साली दिलेला. तो कागदासारखा सोलून आला. त्याखाली गुलाबी, साधा भुकटीचा डिस्टेंपर. बोट फिरवलं की बोट गुलाबी होतं. पोपड्यांचं मूळ इथेच होतं. भुकटीवर पक्का रंग चढवला, त्या रंगाला धरायला भिंतच मिळाली नाही. गुलाबीखाली नीळ घातलेला चुना, त्याखाली पांढरा चुना, आणि मग गिलावा, त्यात वाळूबरोबर शिंपल्याचे बारीक तुकडे चमकत होते. माजघरात जमिनीपासून चार फुटांपर्यंत हिरव्या ऑइल पेंटचा पट्टा आहे, तो अजूनही दगडासारखा घट्ट आहे.

बाबा चौकोनाकडे बघत म्हणाले, "चुना आम्ही घरचाच द्यायचो. कुंचा केवड्याचा. डिस्टेंपर आला तेव्हा मोठा ब्रश विकत आणला. आणि ऑइल पेंटला तुझ्या आजोबांनी चिपळूणहून डुकराच्या केसांचा ब्रश आणला, तर आईने तो देवघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही."

त्यांनी सहज सांगितलं, पण संध्याकाळभर माझ्या डोक्यात तेच. भिंतीवर जेवढे थर, तेवढी घरात आलेली हत्यारं. आणि ती उगाच बदलली नव्हती. चुना तीव्र अल्कधर्मी असतो. प्राण्याचा केस केराटिनचा, आपल्या केसांसारखाच, आणि अल्कलीत तो कुजतो, तुटतो. म्हणून चुन्याला झाडाच्या तंतूंचा कुंचा. ऑइल पेंट घट्ट आणि सावकाश वाळणारा. डुकराच्या केसाचं टोक निसर्गतःच दोन-तीन फाट्यांचं असतं, त्यात असा रंग धरून राहतो आणि दाबाशिवाय सारखा उतरतो. पण तोच केस पाण्यात पाणी पिऊन लुळा पडतो. म्हणून पाण्यात कालवायच्या इमल्शनला नायलॉन-पॉलिएस्टरचे तंतू, पाण्याने न फुगणारे.

या घराला तिन्ही लागणार. आतल्या कोरड्या भिंतींना इमल्शन, दारं-खिडक्यांना ऑइल पेंट. पडवी, तुळशीवृंदावन आणि देवघराची बाहेरच्या अंगाची ओल धरणारी भिंत यांना चुनाच. ओल्या चिऱ्यावर इमल्शनची फिल्म चढवली की आतलं पाणी बाहेर पडायला वाट शोधतं आणि फिल्मच फोडतं. चुना ते पाणी वाफ होऊन जाऊ देतो.

5 फेब्रुवारी, बुधवार

चिपळूणला खरेदी. दुकानात एक तास ब्रशच्या खोक्यांपाशी उभी होते. बहुतेक खोक्यांवर उत्तर प्रदेशातल्या बिजनौर जिल्ह्यातल्या शेरकोटचा पत्ता. ब्रशांसाठीच ओळखलं जाणारं गाव आहे ते.

पेंटरकाकांनी सांगितलेल्या परीक्षा एकेक करून घेतल्या. केस अंगठ्याने पंख्यासारखे पसरवायचे आणि सोडायचे: चांगला ब्रश लगेच मिटतो, वाईट ब्रश विस्कटलेलाच राहतो. पसरवलेल्या केसांच्या बुडाशी डोकवायचं. पत्र्याच्या आत लाकडाची पट्टी असते, तिच्यामुळे मध्ये फट राहते आणि त्या फटीत रंग साठतो. स्वस्त ब्रशात पट्टी इतकी जाड घालतात की बाहेरून ब्रश भरदार दिसतो, आत केसांच्या दोन पातळ ओळी. मग चिमटीत केस धरून ओढायचे. नव्या ब्रशाचे दोन-चार केस येणारच, पण प्रत्येक ओढीला चार-पाच आले तर तो ब्रश भिंतीवर केस सोडत जाणार. पत्रा आणि दांडा हलतो का तेही बघायचं. शेवटी टोकं उजेडात धरायची. सरळ कापलेली टोकं रेघा पाडतात, बारीक फाटे असलेली टोकं रंग पसरवतात.

घेतलेलं: सिंथेटिक 4 इंची एक, सिंथेटिक 2 इंची तिरक्या टोकाचा एक (कोपरे आणि वाशांच्या कडा काढायला), केसांचे 3 इंची, 2 इंची आणि 1 इंची ऑइल पेंटसाठी, 9 इंची रोलरचा सांगाडा, त्याच्या 6, 12 आणि 18 मिलिमीटर लवेच्या तीन रीफिल (सांगाड्यावर चढवायच्या लवदार नळ्या), 4 इंची छोटा रोलर, ट्रे, आणि दांड्याला लावायचा बांबू. रोलरच्या सांगाड्याची दांडी वाकवून बघितली. सहज वाकते ती भिंतीवर सारखा दाब देत नाही. रीफिलचा गाभा प्लॅस्टिकचा आहे ना हेही पाहिलं. पुठ्ठ्याचा गाभा दोन धुण्यांत फुगून सुटतो.

रात्री केसांच्या ब्रशांची जळती परीक्षा. गळलेला तंतू काडीच्या ज्योतीत धरायचा. अस्सल केस चुरचुरत जळतो, केस जळल्याचा वास येतो आणि चुरगळली की राख होते. सिंथेटिक तंतू आक्रसतो आणि टोकाला कडक मणी धरतो. 3 इंची ब्रशावर 'शंभर टक्के केस' असं छापलेलं. मी दहा तंतू जाळले, सहांचे मणी झाले. पैसे अस्सलचे घेतले आणि माल भेसळीचा दिला, याचा मला राग आला आहे. भेसळीचा ब्रश वाईटच असतो असं नाही. पण ज्याला कशात काय बुडवायचं ते ठरवायचं आहे, त्याला खरं सांगायला हवं.

8 आणि 9 फेब्रुवारी

दोन्ही दिवस खरवडणं. पट्टी 45 अंशांपेक्षा कमी तिरकी धरली की पोपडे निघतात आणि गिलाव्याला खाच पडत नाही. गुलाबी डिस्टेंपर ओल्या स्पंजने धुऊन काढला, बादलीभर पाणी दर दहा मिनिटांनी बदलत. हे टाळलं असतं तर महागातला महाग रोलरही काही करू शकला नसता.

माजघरातला हिरवा ऑइल पेंट कोरडा घासायचा नाही, हे मी ठाम ठरवलं होतं. घरगुती रंगात 90 पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा, जास्त शिसं चालणार नाही, हा नियम भारतात 2017 पासून लागू झाला. आमचा हिरवा त्याच्या कितीतरी आधीचा. पाणी मारून ओला काचपेपर, तोंडाला मास्क, खाली प्लॅस्टिक, आणि आत्याच्या नातवाला त्या दोन दिवसांत घरात येऊ दिलं नाही. तो दारात बसून रडला, तरीही.

12 फेब्रुवारी, बुधवार

खड्डे भरून झाले, प्रायमरही उघडला. पण आधी रोलरची परीक्षा.

माजघरात कपाटामागे दोन फूट लांब-रुंद असे तीन चौकोन आखले. तिन्हींना तोच रंग, तेवढंच पाणी, फक्त रीफिल वेगळी.

6 मिलिमीटर: रोलर सुळकन फिरला, पण आमचा गिलावा हाताने थापलेला, कुठे उंच कुठे खोल. उंचावर रंग बसला, खोलगट जागी तसाच पांढरा राहिला. चार वेळा फिरवूनही ते पांढरे ठिपके भरले नाहीत. दाबून भरायला गेले तर रोलरच्या दोन्ही टोकांना रंगाच्या कडा उमटल्या.

18 मिलिमीटर: एका फेरीत सगळं भरलं. पण वाळल्यावर भिंत संत्र्याच्या सालीसारखी दिसायला लागली आणि माझ्या चष्म्यावर रंगाचे बारीक शिंतोडे. रंगही खूप प्याला. ही रीफिल बाहेरच्या खडबडीत सिमेंट-भिंतीची, इथली नव्हे.

12 मिलिमीटर: खोलगट जागा भरल्या, पोत बारीक राहिला, शिंतोडे जवळजवळ नाहीत.

पेंटरकाकांनी तिन्ही चौकोनांवरून हात फिरवला आणि 12 च्या चौकोनावर थांबले. "फ्लॅटच्या पुट्टीच्या भिंतीला सहा-नऊ चालली असती," म्हणाले. "इथे भिंत जशी आहे तशी लव लागते." फोमचा रोलर त्यांनी नुसता बघून बाजूला ठेवायला सांगितला. फोम रंगाबरोबर हवा ओढतो, भिंतीवर बुडबुडे येतात आणि फुटल्यावर त्यांचे बारीक खड्डे राहतात. तो त्यांना गुळगुळीत दारालाच, तोही हलक्या हाताने, चालतो.

13 फेब्रुवारी, गुरुवार

ओटीला प्रायमर. नवी रीफिल तशीच वापरायची नाही. आधी साबणाच्या कोमट पाण्यात धुतली, पिळली, वाळवली, मग चिकटपट्टी गुंडाळून ओढून काढली. चिकटपट्टीवर पांढऱ्या लवेचा एक पट्टाच आला. हे सगळे तंतू नाहीतर ओटीवर चिकटले असते.

सिंथेटिक ब्रशांनाही एक आंघोळ घातली.

15 फेब्रुवारी, शनिवार

धाकटा भाऊ पुण्याहून आला. इमल्शनचा पहिला हात. डब्यावर 40 टक्क्यांपर्यंत पाणी घालायला सांगितलं होतं, मी 35 घातलं, कारण प्रायमर बसलेल्या भिंतीला तेवढंच पुरलं.

मी वाशांच्या कडा काढत होते, तो खालच्या कडेला. अर्ध्या तासाने त्याची रेघ डगमगायला लागली. ब्रश बघितला तर त्याने केसांचा 2 इंची घेतला होता, ऑइल पेंटसाठी बाजूला ठेवलेला. सकाळी ताठ असलेले केस पाणी पिऊन भिजलेल्या फडक्यासारखे एका बाजूला कललेले. त्याला राग नाही आला, आश्चर्य वाटलं. "तायडे, ब्रश तोच, हात तोच, आणि चाळीस मिनिटांत असा?" मी त्याला तिरका सिंथेटिक दिला, आणि फरक त्याने स्वतःच्या बोटांनी अनुभवला. तो केसांचा ब्रश लगेच धुऊन, केस बोटांनी सरळ करून, कागदात गुंडाळून उलटा टांगला. दोन दिवसांनी तो जवळपास पूर्ववत झाला.

कड काढण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळा दिसणारा नीटसपणा इथे आहे. ब्रश रंगात केसांच्या एक तृतीयांश उंचीपर्यंतच बुडवायचा. मग डब्याच्या आतल्या बाजूला दोन थापट्या मारायच्या. काठावर निपटायचा नाही. निपटला की एका बाजूचा सगळा रंग जातो आणि रेघ अर्धीच निघते. पहिला फटका वाशापासून अर्धा इंच खाली मारायचा. मग त्याच ओल्या रंगाला ब्रशाच्या लांब टोकाने हळूहळू वर ढकलत लाकडापर्यंत न्यायचं. हात नाही हलवायचा, सगळं अंग बाजूला सरकवायचं. श्वास सोडताना रेघ सरळ येते. वाशांवर चिकटपट्टी लावून बघितली, पण वर्षानुवर्षं तेल आणि धूर प्यालेल्या लाकडाला ती धरतच नाही. हात बसवण्यावाचून दुसरी वाट नव्हती, आणि तिसऱ्या वाशापर्यंत तो बसला.

16 फेब्रुवारी, रविवार

ओटीच्या पश्चिमेच्या भिंतीवर रोलर. ट्रेच्या उतारावर रोलर चार-पाच वेळा फिरवून सगळीकडून सारखा भिजवायचा, एक बाजू जड राहिली तर तो भिंतीवर घसरतो. साधारण तीन फूट रुंदीचा पट्टा घ्यायचा, त्यात नागमोडी रेघ ओढून रंग ठेवायचा, मग आडवा-उभा पसरवायचा, आणि शेवटी नुसत्या रोलरच्या वजनाने वरून खाली ओढायचा. पुढचा पट्टा मागच्याच्या ओल्या कडेत जायला हवा.

साडेबाराला आत्याने जेवायला हाक मारली आणि भिंत अर्धी सोडून मी उठले. खिडकीतून ऊन येत होतं. परत आले तेव्हा कड वाळली होती. काम पुढे चालू केलं, पण संध्याकाळी तिरक्या उजेडात भिंतीच्या बरोबर मध्ये उभा सांधा दिसला, थेट छतापासून खालपर्यंत. दुसरा हात देऊन तो बुजला नाही, कारण तिथे थर दुहेरी झाला होता. काचपेपर मारून पूर्ण भिंत पुन्हा केली. जवळजवळ एक लिटर रंग जास्त गेला.

त्यानंतरच्या प्रत्येक भिंतीला खिडकीचं दार लोटून घेतलं, आणि सुरू केलेली भिंत कोपऱ्यापर्यंत नेऊनच हात धुतले. आत्या जेवण झाकून ठेवते.

ओटीचा हिशोब: साधारण 400 चौरस फूट भिंत. पहिल्या हाताला 2 लिटर, दुसऱ्याला पावणेदोन. पश्चिमेच्या भिंतीचा जादा रंग वेगळा.

18 फेब्रुवारी, मंगळवार

माजघर झालं. कडेला ब्रशाचा पोत आणि मध्ये रोलरचा पोत असा चौकटीसारखा फरक ओटीत थोडा दिसत होता. इथे कड काढल्या काढल्या, ती ओली असतानाच, 4 इंची रोलर कडेपासून बोटभर अंतरापर्यंत फिरवला. चौकट दिसत नाही.

20 ते 23 फेब्रुवारी

दारं. फणसाच्या लाकडाची, जड, कड्या-कोयंड्यांसह. हे काम मला सगळ्यात आवडलं.

पेंटरकाकांचा एक नियम: नवा केसांचा ब्रश कधीच शेवटच्या हाताला घ्यायचा नाही. त्याला आधी प्रायमरला लावायचं. लाकडावर घासून सैल केस गळतात, टोकं झिजून गोल होतात, आणि मग तो शेवटच्या हाताला योग्य होतो. त्यांनी स्वतःचा 3 इंची ब्रश मला दाखवला. त्याचे केस अर्धे झिजलेले, टोक पाचरीसारखं उतरतं झालेलं, दांड्यावर अंगठ्याची खाच पडलेली. "हा नवा होता तेव्हा याने एवढं चांगलं काम केलं नाही," म्हणाले. तीन दिवसांसाठी तो मला वापरायला दिला. मी तो हातात घेताना आधी पदराला हात पुसले.

आधी दिलहे, म्हणजे दाराच्या पट्ट्यांमध्ये बसवलेल्या फळ्या, मग आडव्या पट्ट्या, मग उभ्या पट्ट्या, म्हणजे प्रत्येक सांध्यावर शेवटचा फटका लाकडाच्या रेषेतून जातो. रंग आधी आडवा पसरवायचा, मग उभा, आणि शेवटी रिकाम्या ब्रशाच्या टोकांनी, वजन न देता, खालून वर एकदा. कोवळ्या भाताच्या लोंबीवरून हात फिरवावा इतकं हलकं. ऑइल पेंट सावकाश वाळतो, म्हणून ब्रशाच्या रेघा आपोआप मिटायला त्याला वेळ मिळतो. तीच घाई केली, अर्धवट वाळलेल्यावर पुन्हा ब्रश लावला, तर रेघा कायमच्या. कोपऱ्यात जास्त रंग साठला तर तो ओघळतो. दहा मिनिटांनी परत जाऊन ओघळ टिपावे लागतात.

देवघराचं दार वेगळं केलं. आजीने जो ब्रश उंबऱ्यात अडवला होता तो मी आत नेणार नव्हते. सिंथेटिकमधला पॉलिएस्टरचा ब्रश ऑइल पेंटलाही चालतो, त्यातल्या त्यात कडक. नवा 2 इंची त्यासाठीच मागवला. काम केसांच्या ब्रशाएवढं मऊ आलं नाही, उजेडात रेघा थोड्या दिसतात. पण आजीचा शब्द राहिला, आणि बाबांनी दार उघडून बंद करून बघितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

खिडक्यांच्या गजांना 1 इंची ब्रश. नऊ खिडक्यांचे गज, पूर्ण दीड दिवस.

26 फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र, काम बंद. संध्याकाळी बाबा आणि मी समुद्राकडच्या केवड्याच्या बनात गेलो. केवड्याच्या खोडातून खाली उतरणाऱ्या मुळ्या असतात, जमिनीत रुतायच्या आधी हवेत लोंबणाऱ्या. बाबांनी अंगठ्यापेक्षा जरा जाड, अजून जमिनीला न टेकलेल्या चार मुळ्या निवडल्या. जमिनीत गेलेली मूळ लाकूड होते, तंतू सुटत नाहीत. पानांना काटे, कोपरापर्यंत ओरखडे आले. हातभर तुकडे करून बादलीत भिजत घातले.

1 मार्च, शनिवार

कुंचा केला. चिऱ्यावर मुळीचं एक टोक ठेवून लाकडी दांडक्याने ठेचायचं, दणके नाही, सारख्या थापा, आणि मधूनमधून फिरवायचं. थोड्या वेळात साल सुटते, मग पांढरा गर पाण्यात धुतला की दुधाळ होऊन वाहून जातो. पुन्हा ठेचायचं, पुन्हा धुवायचं. बाबा 78 वर्षांचे आहेत, थापा मी मारल्या आणि ते बोटांनी तंतू मोकळे करत राहिले. तासाभरात बोटभर लांबीचे, फिकट पिवळे, ताठ तंतू मोकळे झाले. बुडाशी सुतळी आवळली, म्हणजे फाट वर चढत नाही. पहिला कुंचा दाट झाला, दुसरा अगदी बरोबर.

चुन्याची कळी विझवण्याचं काम चष्मा लावूनच. पाण्यात कळी घालायची, कळीवर पाणी ओतायचं नाही. पाणी उकळतं, वाफा येतात, थेंब उडाला तर डोळा जाऊ शकतो. रात्रभर मुरू दिलं, फडक्यातून गाळलं, दुधाएवढं पातळ केलं, मूठभर मीठ आणि चिमूटभर नीळ.

2 ते 4 मार्च

चुना. भिंत आधी पाण्याने भिजवायची, नाहीतर कोरडा चिरा चुन्यातलं पाणी एका क्षणात पितो आणि चुना पावडर होऊन हाताला लागतो. कुंचा आडवा-तिडवा, सगळ्या दिशांनी. ओला चुना पारदर्शक दिसतो, काही दिलंच नाही असं वाटतं, आणि म्हणून नवखा माणूस जाड थर देतो, तो पुढे तडकतो. मीही पहिल्या दिवशी वृंदावनाला जाड दिला, तो ओल्या फडक्याने उतरवला. वाळता वाळता, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत, तो डोळ्यांदेखत पांढरा होत जातो. तीन पातळ हात, रोज एक.

भावाने विचारलं होतं, चुना रोलरने का नाही. 12 मिलिमीटरची जुनी रीफिल पडवीच्या मागच्या भिंतीवर लावून बघितली. पातळ चुना लवेत थांबतच नाही, बाहीतून कोपरापर्यंत ओघळतो, आणि चिऱ्याच्या भोकांत शिरत नाही. केवड्याचे ताठ तंतू प्रत्येक भोकात चुना कोंबतात. चिऱ्याला कुंचाच हवा.

9 मार्च, रविवार

धुणी. इमल्शनचे ब्रश आणि रोलर त्या त्या दिवशीच धुतले होते. आज शेवटची स्वच्छता. रोलर आधी डब्याच्या काठावर पट्टीने निपटून रंग परत घेतला, मग बादलीतच धुतला. पाणी विहिरीच्या आणि पोफळीच्या बाजूला जाऊ दिलं नाही, मागच्या खड्ड्यात ओतलं. ऑइल पेंटचे ब्रश टर्पेंटाइनच्या तीन बरण्यांतून, मळक्याकडून स्वच्छाकडे, मग साबण. वापरलेलं टर्पेंटाइन झाकून स्थिर ठेवलं की दोन-तीन दिवसांत रंग खाली बसतो, वरचं निवळ परत वापरता येतं.

ब्रश केसांवर उभा ठेवायचा नाही, एका रात्रीत तो वाकडा होतो. दांड्याच्या भोकातून दोरा ओवून माळ्याच्या वाशाला सगळे टांगले. पेंटरकाकांचा ब्रश कागदात गुंडाळून, केसांना चमचाभर गोडं तेल लावून परत दिला. त्यांनी कागद सोडून टोकं तपासली, आणि मान हलवली.

16 मार्च, रविवार

काल पालखी आली. ओटीवर दोन वेळा नाचवली, ढोल अगदी भिंतीला लागून वाजत होते. भिंतीवरून काही पडलं नाही.

दाराच्या उजव्या बाजूला, कमरेच्या उंचीवर, कोणाचा तरी गुलालाचा पूर्ण हात उमटला आहे, पाचही बोटं स्पष्ट. टचिंगसाठी अर्धा लिटर रंग काचेच्या बरणीत काठोकाठ भरून ठेवला आहे आणि 4 इंची रोलर धुऊन बाजूला ठेवला आहे, कारण रोलरच्या भिंतीवर ब्रशाने टचिंग केलं की ठिगळ दिसतं. सकाळी मी बरणी उघडायला घेतली. बाबा ओटीवर चहा पीत होते. म्हणाले, "तो राहू दे. पुढच्या शिमग्यापर्यंत राहू दे."